शब्द देणारी

"स्टूल कोणाचं होतं?" साहेबांनी विचारलं.

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. खरं म्हणजे त्यांचे कान असे चुकणारे नव्हते. सव्वीस वर्षं त्यांनी त्या कानांच्या जिवावर पोट भरलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "काय कोणाचं?"

"स्टूल. ज्यावर बसून तुम्ही काम करायचा, ते."

"माझं. घरून नेलेलं."

साहेबांनी एका चौकोनात खूण केली. "आणि दिवा?"

"दिवा नाटकगृहाचा. पण बल्ब गेला की मीच आणायचे."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. दिवा एका रकान्यात आणि त्याचा बल्ब दुसऱ्यात, अशी सोय त्या फॉर्मात नव्हती. त्यांनी बाईंकडे असं पाहिलं, की जणू हा घोळ बाईंनी मुद्दामच घालून ठेवलाय.

तसा घोळ होताच, पण बाईंनी घातलेला नव्हता. सात महिन्यांपूर्वी नाटकगृहाचं छत धोक्याचं ठरलं आणि दाराला कुलूप लागलं. ज्यांची कामं अशी बंद पडली त्यांच्यासाठी सरकारी मदत होती, पण तिला दारं दोन. नोकरदार असाल तर अर्ज मालकानं करायचा, पगाराचा काही भाग मिळायचा. स्वतंत्र व्यवसाय असेल तर अर्ज आपला आपण करायचा, सहायता निधीतून मदत मिळायची. पहिल्या दाराशी बाईंचं नावच नव्हतं. म्हणून त्या दुसऱ्या दाराशी गेल्या, तर तिथं हे साहेब बसलेले. तुम्ही खरोखरच स्वतंत्र आहात कशावरून, म्हणून.

साहेब स्वभावानंच संशयी. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि प्यायल्यावर बाटली खणात ठेवून खणाला कुलूप लावायचे. "या खुर्चीवर बसणारे निम्मे लोक खोटं बोलतात," ते सहज म्हणाले.

"आणि बाकीचे निम्मे?"

"ते घाबरून खोटं बोलतात. तुम्ही तिथं नेमकं काय करत होता?"

"शब्द देत होते."

"शब्द? कसलं आश्वासन?"

"अहो, आश्वासन कसलं! नट बोलता बोलता विसरला की पुढचा शब्द. विंगेत बसून, हळू आवाजात. प्रॉम्प्टर म्हणतात."

नाटकगृहात त्यांना सगळे कुजबुजबाई म्हणायचे, पण ते काही त्यांनी सांगितलं नाही. हा माणूस कुजबुजीतूनही काहीतरी काढील.

"रोज किती वाजता जायचा?"

"पाचला. आठवड्याचे सहा दिवस."

"उशीर झाला तर?"

"झालाच नाही कधी."

"झाला असता तर?"

"तर मालक ओरडले असते."

साहेबांच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. "मालक?"

बाईंनी जीभ चावली. "अहो, सगळेच म्हणतात त्यांना मालक! नाटकगृह त्यांचं, नाटकात मुख्य कामंही तेच करतात. चहावालासुद्धा मालकच म्हणतो."

"चहावाल्यानं अर्ज केलेला नाही." साहेबांनी एक जाड फाइल उघडली. "तुम्हाला मिळालेल्या पैशांच्या या नोंदी. एका वर्षी मानधन. पुढच्या वर्षी किरकोळ खर्च. मग दोन वर्षं भेट. आणि हे काय, विग व रंगभूषा साहित्य?"

"त्या वर्षी नवा हिशेबनीस होता."

"तुम्ही विग आहात का?"

"मला जो कागद दिला त्यावर मी सही केली. कर भरा म्हणाले तेव्हा भरला, लागत नाही म्हणाले तेव्हा नाही भरला." बाईंचा आवाज जरा चढला. "मी काय आहे ते मला कोणी विचारलंच नाही हो. तुम्हीच पहिले."

साहेबांनी फाइल मिटली. मग जरा बऱ्या सुरात म्हणाले, "शब्द कधी द्यायचा, हे कोण ठरवायचं?"

"मीच. दुसरं कोण ठरवणार? गप्प होणं दोन तऱ्हेचं असतं, साहेब. एक विसरल्याचं, एक घेतलेलं. नट मुद्दाम थांबलेला असताना शब्द दिला, की प्रसंग मेलाच म्हणायचा."

"आणि कोणतं कुठलं ते कसं कळतं?"

"ज्याच्या त्याच्या खोडी असतात. आमचे हे मुख्य नट विसरले की डाव्या कानाची पाळी धरतात. हात खाली असला की समजायचं, थांबलेत. मग आपण श्वाससुद्धा हळू घ्यायचा."

"चूक कधी झाली?"

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या. आणि हे त्या घाबरून बोलत नव्हत्या.

साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढच्या सोमवारची तारीख दिली. त्या दिवशी नाटकगृहाच्या वतीनं मालकांनी येऊन जबाब द्यायचा होता. तो झाल्यावर निकाल.

खोलीवर ताई वाटच बघत होती. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. दोघींचा संसार एका खोलीतला आणि दोघींचा स्वयंपाक एका शेगडीवरचा. घरमालकानं महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. नंतर सामान जिन्यात ठेवीन म्हणाला होता. निधीची मदत आली तर खोली राहणार होती, नाहीतर दोघींनी जायचं कुठं, हा विषय त्या एकमेकींसमोर काढत नव्हत्या.

मालकांनी आधी लेखी पाठवलेल्या जबाबाची प्रत टपालानं येऊन पडली होती. बाईंनी ती उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचली. "सदर महिला आमच्या नोकरीत कधीही नव्हत्या. त्या आपल्या मर्जीने येत व मर्जीने जात. त्यांच्यावर आमचा कसलाही अंकुश नव्हता. त्यांचा व आमच्या नाटकगृहाचा संबंध कामापुरता होता."

"मर्जीनं?" ताई कडाडली. "तुला ताप होता तेव्हा रिक्षा पाठवून नेलं होतं, ते कुणाच्या मर्जीनं?"

"अगं, पण हे माझ्या फायद्याचंच आहे. ते नाही म्हणाले तरच निधी मिळेल."

"तुझ्या फायद्यासाठी तो माणूस एवढं कागदावर घालतोय? यात पाणी मुरतंय, सांगून ठेवते. तू नोकर ठरलीस तर सव्वीस वर्षांचं सगळं त्याच्या गळ्यात येईल, म्हणून घातलंय."

हे बाईंनाही कळत होतं. अकरा वर्षांपूर्वी एका प्रयोगानंतर, तोंडाचा रंग पुसता पुसता मालक म्हणाले होते, "पुढच्या हंगामात तुम्हाला कायम करतो. शब्द देतो." बाईंना त्याचं हसूच आलं होतं. आपल्याला शब्द देणारा हा पहिलाच भेटला, असं त्यांनी घरी येऊन ताईला सांगितलंही होतं. मग पुढचा हंगाम आला, त्याच्या पुढचाही आला. बाईंनी आठवण केली नाही. विसरलेला शब्द सांगणं हे त्यांचं कामच होतं, पण तेवढा एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

"आणि तिथं जाऊन तो फिरला तर?" ताईनं विचारलं. "नट आहे तो. साहेबासमोर एकदम मोठं मन दाखवायची हुक्की आली आणि म्हणाला, नाही हो, बाई आमच्याच, तर? निधी गेला. मग बस कोर्टात खेटे घालत. तोवर आपण जिन्यात."

बाईंनी कागद घडी करून ठेवला. दोनदा वाचून तो पाठ झालाच होता. पण ताईचं ते "फिरला तर" त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं ते सोमवारपर्यंत उठलं नाही.

सोमवारी मालक कोट घालून आले. केसांना रंग नव्हता. सात महिन्यांत माणूस एवढा वाळतो, हे बाईंना खरं वाटेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं न पाहिलंसं केलं आणि साहेबांसमोर बसले. बाईंची खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला, जरा मागे होती. कोणी ठरवून मांडली नव्हती, पण जागा तीच, विंगेतली.

साहेबांनी आधी फाइल चाळली. "या म्हणतात, तुम्ही वाक्य विसरलात की कानाची पाळी धरता."

मालक हसले. "असं? मला माहीतच नव्हतं." आणि पहिल्यांदाच मागे वळून त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडल्यासारखं.

"बोला," साहेब म्हणाले आणि जबाबाचा कागद पुढ्यात घेऊन ओळीवर बोट ठेवलं.

मालकांनी कागद हातात धरला नव्हता. कागद बघून बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. "सदर महिला आमच्या नोकरीत कधीही नव्हत्या," ते म्हणाले. आवाज तोच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "त्या आपल्या मर्जीने येत व मर्जीने जात. त्यांच्यावर आमचा कसलाही अंकुश नव्हता." साहेबांचं बोट ओळीवरून सरकत होतं. "त्यांचा व आमच्या नाटकगृहाचा..."

आणि मालक गप्प झाले.

वर पंखा घरघरत होता. शेजारच्या खोलीत कोणीतरी शिक्के मारत होतं. साहेबांचं बोट थांबलं, मग त्यांची मान वर येऊ लागली. बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. फिरला. ताई म्हणाली तसा फिरतोय हा माणूस. आता तोंड उघडेल, आणि आमचं सामान जिन्यात.

"संबंध कामापुरता होता," बाई कुजबुजल्या.

विंगेत ती कुजबूज फक्त नटापर्यंत पोचायची. इथं खोली लहान. शिक्क्याचा आवाजही थांबल्यासारखा वाटला. मालकांनी मान हलवली नाही. एक क्षण तसाच गेला, मग ते स्वच्छ म्हणाले, "संबंध कामापुरता होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दोघांनी मिळून तालीम केलीत वाटतं?"

"नाही हो साहेब," बाई घाईनं म्हणाल्या. "सवय. तोंडून निघून गेलं."

"आत्ता शब्द द्या असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"यांनी खूण केली?"

"नाही. माझं मलाच वाटलं, म्हणून दिला."

साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग, स्वतःच्याच मनाविरुद्ध असावं तसे, त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. "म्हणजे स्वतःचा निर्णय," ते म्हणाले आणि उरलेल्या शेवटच्या चौकोनात त्यांनी खूण केली. शिक्का मारला. खाली सही केली. बाई स्वतंत्र झाल्या.

कागद हातात घेताना त्यांचं लक्ष मालकांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मघापासून तिथंच होते. बाईंनी आठवून आठवून पाहिलं, सगळा जबाब पहिल्या शब्दापासून डोळ्यांसमोर आणला. हात हललेच नव्हते.

म्हणजे ते विसरले नव्हते. थांबले होते. काहीतरी दुसरं बोलायच्या आधी माणूस थांबतो, तसे. आणि आपण त्यांच्या तोंडात ते वाक्य कोंबलं.

बाहेर जिन्यापाशी त्यांनी मालकांना गाठलं. धाप लागली होती. हातात मंजुरीचा कागद, त्यावर शिक्का ओला.

"झालं ना तुमचं काम?" मालक म्हणाले.

"झालं."

"चला, बरं झालं."

"एक विचारू?" बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "मघाशी तुम्ही विसरला होता ना?"

मालक कठड्याला धरून उभे राहिले. माणसं जात येत होती, कोणाचा तरी धक्का बाईंना लागला. उत्तर कोणतंही असलं तरी ते शब्द बाईंच्या जिभेवर तयार होते. हो म्हणायचं असेल तर 'हो'चे, नाही म्हणायचं असेल तर 'नाही'चे. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि श्वाससुद्धा हळू घेतला.

मालकांनी कठडा सोडला. हात सावकाश वर नेला आणि कानाची पाळी धरली.

"हो हो," ते म्हणाले. "साफ विसरलो होतो. तुम्ही होतात म्हणून निभावलं."

ती पाळी उजव्या कानाची होती.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तरी मला वाटलंच."

"जपून जा," मालक म्हणाले आणि एकेक पायरी बघत खाली उतरले. बाई लगेच निघाल्या नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत यायला नको म्हणून त्या भिंतीला लागून, जिन्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि त्यांची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत तिथंच थांबल्या.