मी एकदाच टेकले

मी मोटर बोलतेय. टाकीत पाणी चढवणारी नव्हे. ती दिल्लीतल्या द्वारकेत प्रत्येक सोसायटीच्या तळघरात घरघरत असते. मी मुठीएवढी, माणसाच्या छातीत बसून रक्त ढकलणारी. माझ्या पोटातली चाकी चुंबकांच्या जोरावर अधांतरी फिरते. कशाला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. याचा मला भारी तोरा होता.

जन्म परदेशातला. इकडे बाजार खुला झाला, गुडगावच्या शेतांत काचेचे मनोरे उगवले, मोठी हॉस्पिटलं आली, तशी मीही आले. माझ्या वाट्याला आले दादाराव. वर्ध्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेले, आता निवृत्त. हृदय पार थकलेलं. "तीस वर्षं फायली ढकलल्या, आता ही मला ढकलणार," ते बायकोला म्हणाले.

घरी सोडताना नर्सने बजावलं, "नाड़ी मत देखना, मिलेगी ही नहीं." मी रक्त सलग ढकलते, ठोके देत नाही, मग मनगटाला काय लागणार? छातीला कान लावायचा. गुणगुण ऐकू आली की मी चालू. प्रभावतीबाईंनी ते तीनतीनदा विचारून घेतलं. मुलगा संघपाल तेव्हा व्हरांड्यात फोनवर होता. "आई, तू ऐकून घे ना, ऑफिसचा कॉल आहे यार."

अकरा महिने बरे गेले. रोज चहाआधी बाई नवऱ्याच्या छातीला कान लावत. "चालू आहे," म्हणत, आणि मगच गॅस पेटवत.

मे महिन्यातला रविवार होता. बाई विहारात वंदनेला गेल्या होत्या. वडिलांजवळ बसायला संघपाल गुडगावहून आला होता. बाई गेल्यावर दादारावांना उलट्या-जुलाब सुरू झाले. अंगातलं पाणी आटलं, मला ढकलायला रक्त पुरेना. ते सोफ्यावरच बेशुद्ध पडले आणि कमरेला बांधलेली माझी बॅटऱ्यांची पेटी ठणाणा ओरडू लागली. वेळेवर सलाईन मिळालं असतं तर माणूस उठून बसला असता.

संघपालने खालच्या मजल्यावरच्या विश्वनाथकाकांना बोलावलं. ते दवाखान्यातले जुने कंपाउंडर. त्यांनी मनगट धरलं, मान चाचपली. दादारावांचा श्वास फार हलका चालला होता, तो कुणाच्या लक्षातच आला नाही. "बाळा, नाडी नाही. गेले," काका म्हणाले. मी तर फिरत होते. पण त्या गोंगाटात माझी गुणगुण कोण ऐकणार?

"ते आधी बंद कर. शांतपणे जाऊ दे त्यांना," काकांनी पेटीकडे बोट दाखवलं.

इन्व्हर्टर ओरडायला लागला की बॅटरीची वायर काढायची, हे दिल्लीत पोराटोरांनाही ठाऊक असतं. संघपालने रडत रडत माझ्या दोन्ही बॅटऱ्या काढल्या. चाकी मंदावली, कलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीला टेकली.

तासाभराने बाई आल्या. आधी छातीला कान लावला. मग टेबलावरच्या बॅटऱ्या पाहिल्या.

"नाडी बंद पडली होती, आई. काकांनी बघितली. मग मी मशीन काढलं."

बाई लेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बरं केलंस," म्हणाल्या. "ते आधीच गेले होते."

खरं काय ते त्यांना कळलं होतं, आणि मला. त्याला अजून माहीत नाही.

त्यांच्या छातीतून काढल्यावर आता मी हॉस्पिटलात, नर्सने बजावलं होतं त्याच खोलीत टेबलावर असते, नव्या पेशंटच्या घरच्यांना दाखवायला. चाकी एका अंगाला पडून आहे. माझं मागणं एवढंच, की नर्स बोलायला लागली की दाराबाहेर फोनवर कोण उभं आहे ते पाहा, आणि त्याला आत बोलवा.