ओढ्यापलीकडची घरं

धैर्यशीलचा ड्रॅगन अखेर मनोऱ्यावर बसला. सकाळपासून ते जनावर दर वेळी दगडातून आरपार जाऊन दरीत पडत होतं आणि धैर्यशील त्याला पन्हाळ्याकडच्या ठेवणीतल्या शिव्या देत होता. आता त्यानं पंख मिटले, शेपटी गुंडाळली, तशी तिघांनी एकदम आरोळी ठोकली. खालच्या शिंप्यानं मान वर करून तिघांचा उद्धार केला.

राजारामपुरीतल्या ॲनिमेशनच्या क्लासमध्ये तिघं मिळून एका गेमसाठी अद्भुत नगर उभं करत होती. किल्ला आणि ड्रॅगन धैर्यशीलचा, झाडं-पाणी-गवत शिरोळच्या निशिगंधाचं, आणि घरं, गल्ल्या, आड कोडोलीच्या प्रसेनजीतचे. दुपारी पुण्याच्या स्टुडिओतल्या एक बाई ते बघायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर तिघांना नोकरी. नाहीतर पोलीस भरतीच्या तयारीला लागायचं, असं प्रसेनजीतला वडिलांनी, बाळासोंनी, रोखठोक सांगून ठेवलं होतं.

पण प्रसेनजीत भरतीबिरती पार विसरला होता. आपण रचलेल्या गल्लीतून आपल्यालाच चालता येतं, याच आनंदात तो हुरळला होता. निळी कौलं, हवेत तरंगणारे कंदील, छपरावर पिकलेले भोपळे. मनात येईल ते होत होतं. आकाशात तीन चंद्र होते आणि का म्हणून कुणी विचारत नव्हतं.

निशिगंधा त्याच्या स्क्रीनवर वाकली. "प्रसेन, ही चार घरं वढ्याच्या पलीकडं का टाकलीस रं? वेशीच्या भाईर?"

"गावाला असत्यात की."

"आणि दुसरा आड कशाला? चौकात एक हाय न्हवं?"

"त्यो येगळा. त्यांचा..." तो बोलता बोलता थांबला.

"कुणाचा?"

"आमचा," प्रसेनजीत म्हणाला.

त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. गाव मांडायचं म्हटल्यावर हात आपोआप ओढा ओलांडून गेला होता. त्याच्या घराला आता स्लॅब होता, दारात नळ होता, आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला दोन पिढ्या उलटल्या होत्या. तरी आजीच्या तोंडून ऐकलेलं जुनं गाव त्याच्या हातात शिल्लक होतं. तीन चंद्रांच्या जगात, कुणी सांगितलेलं नसताना, त्यानं आपलीच माणसं वेशीबाहेर बसवली होती. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

"आत घेतो सगळी," तो म्हणाला.

धैर्यशील वैतागला. "आत्ता? घरं हलवलीस की सगळ्या सावल्या मशीनला परत मोजाय लागत्यात. बाई आल्या तर निम्मं नगर काळं दिसंल. नोकरी घालवतोस व्हय?"

"घालवली तर घालवली. मी केलेल्या गावात ती माणसं तिथं ऱ्हाणार न्हाईत."

धैर्यशील आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. "चौकात जागा न्हाय. किल्ल्याची भिंत मागं सारतो. उचल तुझी घरं."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. भिंत मागं गेली, घरं चौकात आली, पलीकडचा आड पुसला गेला, ड्रॅगन पुन्हा एकदा दरीत पडला आणि त्याला पुन्हा शिव्या घालून वर चढवला. मशीन तापून घरघरत होतं. प्रसेनजीत उभ्यानंच काम करत होता. इतकी मजा त्याला आयुष्यात आली नव्हती. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा शेवटच्या घराची सावली नुकतीच जमिनीवर उतरत होती.

बाईंनी माऊस हातात घेतला. ड्रॅगन बघून त्या हसल्या, चौकातल्या आडात डोकावल्या, वेशीतून बाहेर पडल्या आणि सरळ ओढा ओलांडून गेल्या. तिथं दाट गवतात चार चौकोन उघडे पडले होते. घरांखाली गवत लावलेलंच नव्हतं आणि घाईत ते भरायचं राहून गेलं होतं.

"इथं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चूक ऱ्हायली, मॅडम," धैर्यशील घाईनं म्हणाला. "लगेच गवत लावतो."

"तिथं घरं होती," प्रसेनजीत म्हणाला. "माणसं आत ऱ्हायला गेली."

बाईंनी त्या चार चौकोनांभोवती सावकाश एक फेरी मारली. शेजारच्या मशीनवर निशिगंधानं गवत लावायला घेतलं होतं, ते तिनं बंद केलं आणि चौकोन तसेच राहू दिले.