सात नंबरचा चिमटा

आमच्या जेवणाच्या टेबलावर आठ महिने विमान होतं. खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मला कौतुकच वाटलं. माझा नवरा अदीब, अम्मानमध्ये तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा राहिलेला माणूस, म्हटलं, बसू दे बिचाऱ्याला रेडिओवर उडणारं छोटं विमान जोडत. पण मग मसुराच्या सूपला गोंदाचा वास यायला लागला, मीठदाणीत लाकडाचा भुसा निघाला, आणि पाहुणे आले की पंगत जमिनीवर. तशात आमच्या मुलीचं, लमीसचं, लग्न ठरलं आणि मुलाकडची मंडळी रविवारी जेवायला येणार म्हणाली. मी अदीबला स्वच्छ सांगितलं, या शुक्रवारी विमान उडालं तर टेबल तुझं. नाही उडालं तर टेबल माझं आणि विमान माळ्यावर. तो हो म्हणाला.

शुक्रवारची नमाज आटोपून आम्ही शहराबाहेरच्या माळावर गेलो. माझा भाऊ फव्वाझ मजा बघायला मागोमाग हजर. तिथे विमानं उडवणाऱ्यांचे म्होरके अबू-निदाल, भूगोलाचे निवृत्त मास्तर, नियमाला एकदम कडक. प्रत्येकाच्या रेडिओचा एक नंबर, आणि फळीवर त्या त्या नंबराचा एकच कपड्यांचा चिमटा. चिमटा काढून आपल्या रेडिओच्या अँटेनाला लावायचा, मगच बटण दाबायचं. एकाच नंबराचे दोन रेडिओ चालू झाले की विमानाची गत दोन सासवांच्या सुनेसारखी, कुणाचं ऐकावं कळत नाही आणि धाडकन खाली येतं. सात नंबर दोघांचा होता, अबू-निदालांचा आणि अदीबचा.

आणि सात नंबरचा चिमटा फळीवर नव्हता.

झालं, सगळे खिसे उलटे झाले, गाड्यांखाली वाकून पाहणं झालं. दोघंच तर सात नंबरवाले, आणि दोघंही इथे उभे, मग चिमट्याचं काय एवढं, असं फव्वाझ म्हणाला. अबू-निदालांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू वर्गात गृहपाठ न आणलेला पोरगाच तो. चिमटा नाही तर उड्डाण नाही, विषय संपला. अदीबही इकडेतिकडे शोधत होता. मध्येच त्याने आमची काकची, म्हणजे तीळ लावलेल्या पावाच्या कड्यांची, पिशवी उचलून थर्मासच्या मागे सावलीत ठेवली.

फव्वाझला भूक लागली म्हणून मी पिशवी ओढली, आणि माझा हात तिथेच थांबला. पिशवीच्या तोंडाला चिमटा, आणि चिमट्यावर तांबडा सात. गुरुवारी कपडे धुताना अदीबच्या खिशात एक चिमटा सापडला होता, तो मी न बघताच पिशवीला लावला होता. मागच्या शुक्रवारी विमान नुसतं जमिनीवर पळवून पाहिलं, तेव्हा याने तो तसाच घरी आणला असणार.

गप्प बस सुआद, मी स्वतःला म्हटलं. तोंड उघडलंस की टेबल गेलं.

आणि बसलेही असते. पण फव्वाझ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भावजी, याचा पंखा तरी करा, उन्हाळ्यात उपयोगी पडेल." अदीब विमान छातीशी धरून उभा होता, चेहरा पांढराफटक. मला भयंकर वाईट वाटलं. माझ्या नवऱ्याला हसायचं तर मी हसेन, तू कोण रे? मी उठले आणि चिमटा त्याच्या अँटेनाला लावून टाकला. अबू-निदालांनी काकच्या पिशवीकडे पाहिलं, आणि हातानेच उडवा अशी खूण केली.

विमान उडालं. खरंच उडालं हो. एक अख्खी फेरी मारली, फव्वाझचं तोंड उघडंच राहिलं. मग ते आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. अबू-निदालांनी शंभरदा सांगितलं होतं, समोरून येताना त्याचा डावा तो आपला उजवा. अदीबने नेमकं उलटं केलं, आणि विमान काटेरी झुडपात जाऊन बसलं. उजवा पंख तुटला.

घरी येताना तुकडे माझ्या मांडीवर होते. अदीब गाडी चालवत होता.

"चिमटा मी आधीच पाहिला होता," तो म्हणाला. "पिशवी लपवली ती म्हणूनच."

"सावलीत ठेवली म्हणे! मग बोलला का नाहीस?"

"भीती वाटत होती गं. आठ महिने जपलेलं, एका मिनिटात मोडलं तर? पण तू उठलीस, मग माझा इलाज नव्हता." मग म्हणाला, "तू तरी लगेच कुठे उठलीस? पिशवी हातात धरून बसली होतीस की."

मी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "टेबलासाठी."

तो इतका हसला की गाडी कडेला घ्यावी लागली.

रविवारी मुलाकडची मंडळी जमिनीवरच जेवली. टेबलावर विमान वाळत होतं. उजवा पंख मी चिकटवला होता, आणि तो सरळ राहावा म्हणून चिमटेही मीच लावले होते, घरातले होते नव्हते तेवढे सगळे.