फुललं, एवढंच सांगायचं

मी कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात माझ्या हातात असतात, पण स्वतःचं तोंड मात्र मला कधी सांभाळता आलं नाही. आई गेली त्या आठवड्यात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मी माझ्या थोरल्या बहिणीला म्हणालो, "ताई, तुला आईची आठवण यायची ती फक्त फुलं आली की." ताईने पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेली. त्याला आता तीन वर्षं झाली.

फुलांचं असं होतं. आईकडे एक ऑर्किड होतं, झाडाच्या सालीच्या तुकड्यावर बांधलेलं. माती नाही, कुंडी नाही. मुळं उघडी, हवेत लोंबणारी. सकाळचं कोवळं ऊन, खेळती हवा आणि मुळं पांढरी पडली की पाण्याचा शिडकावा, एवढ्यावर ते खूश असायचं. जोराची सर येऊन हवा एकदम गार झाली, की बरोबर नवव्या दिवशी ते पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जायचं. वास तर जिन्यापर्यंत यायचा. आणि संध्याकाळी सगळी फुलं माना टाकायची. एका दिवसाचा सगळा थाट.

आईने त्याचे दोन भाग केले, एक मला दिला, एक ताईला. ताईचं घर बसने वीस मिनिटांवर. पाऊस दोघांकडे एकच, त्यामुळे दोन्ही झाडं एकाच सकाळी फुलायची. आईचा नियम होता की ज्याला आधी दिसेल त्याने फोन करायचा. फुललं, एवढंच सांगायचं. मग दोघांपैकी एकाच्या घरी सगळ्यांनी चहाला जमायचं.

भांडणानंतरही झाड फुलतच राहिलं. आमच्या रुसव्याफुगव्यांशी त्याला काय देणंघेणं? फुललं की मी खिडकीपाशी उभा राहायचो. ताईही आत्ता तिच्या गॅलरीत उभी असेल, असं मनात यायचं. फोन हातात घ्यायचो आणि परत ठेवून द्यायचो. तिने का करू नये, असं स्वतःला ऐकवायचो. खरं तर तिने करावा अशी सोय मी ठेवलीच कुठे होती? पण ताई आत्ता हेच बघतेय, एवढ्या एका गोष्टीवर माझे पुढचे कित्येक दिवस निघायचे.

यंदा पाऊसच नाही. चार महिने नुसती काहिली. ती सकाळ काही उजाडेना आणि मला ताईची इतकी आठवण यायला लागली की मी एका आजोबांची कवळी दुसऱ्याच आजींच्या डबीत भरली. आजी भल्या, त्यांनी ती दोन दिवस लावून बघितली.

शेवटी एका दुपारी मी फ्रीजमधला सगळा बर्फ बादलीत ओतला आणि ते गारढोण पाणी झाडावर घालत बसलो. मग दिवस मोजले. नवव्या सकाळी सात फुलं आली. आता माघार घ्यायला तोंडच नव्हतं. मी फोन लावला.

"फुललं," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ती फोन ठेवून देणार.

"माझंही फुललंय," ताई म्हणाली. "ये."

मी खुळ्यासारखा उभाच राहिलो. पावसाचा थेंब नसताना तिचं कसं फुलेल? आणि ताई खोटं बोलणाऱ्यातली नव्हे. लहानपणी माझ्या खोड्या तिने आईला अगदी खऱ्याखऱ्या सांगितलेल्या आहेत. मी कामाला दांडी मारली आणि बस पकडली.

ताईने दार उघडलं. केस सगळे पिकले होते. मी सरळ गॅलरीत गेलो. तिथे दोरीवर कपडे वाळत होते आणि एक खुर्ची होती. झाड नव्हतं.

"कुठंय?"

"गेलं ते. आई गेली त्याच वर्षी. पानं पिवळी पडली म्हणून मी घाबरून रोज पाणी घालत बसले. मुळं कुजली सगळी."

"मग फोनवर काय सांगितलंस?"

"नाहीतर आला असतास का?" मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि तुझं कसं फुललं रे, पिट्या? पाऊस कुठाय?"

"बर्फ घातला."

"आईने बदडलं असतं तुला."

दोघेही हसलो. मी खुर्चीत बसलो. "मला वाटायचं, त्या सकाळी तूही बघत असशील. म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच..."

"एकटा कसा?" ताई म्हणाली. "सर येऊन गारवा आला की मी मोजायला लागायचे. नवव्या दिवशी रजा टाकायचे. म्हटलं, तुझा फोन आला आणि येतो म्हणालास, तर घरी नको का मी?"

तीन वर्षांत माझं झाड अकरा वेळा फुललं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. तिला माहीतच असणार.