वाळक्या ताडातली पिल्लं

एक अनोळखी माणूस आपल्या वाडीतल्या वाळक्या ताडाचे फोटो काढतोय, हे हंसाकाकींनी वाफे शिंपताना पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. शेंडा मोडलेल्या त्या ताडाच्या ढोलीत मोठ्या पोपटांची जोडी होती. नेहमीचे राघू नव्हेत. खांद्यावर तांबडा पट्टा असलेले, जाड चोचीचे. मागच्या वर्षी दोघं जण शिडी लावून त्यांची पिल्लं पिशवीत घालून घेऊन गेले. त्यांनीही आधी असेच फोटो काढले होते.

या माणसानं आपलं नाव आयुष सांगितलं. राहायला चंदनसारला, नोकरी मुंबईत, सुट्टीच्या दिवशी इथं गासपर्यंत येऊन पक्ष्यांच्या नोंदी करायचा. हा पोपट सगळीकडेच कमी होत चाललाय, अजून धोक्यात नसला तरी त्या वाटेवर आहे, म्हणून घरटी मोजतो, असं तो म्हणाला. बोलणं गोड होतं. पण पिल्लं कधी उडतील, हे त्यानं दोनदा विचारलं, आणि काकींना तेच खटकलं.

"पिल्लं सापानं खाल्ली," त्या म्हणाल्या. "आता कोन नाय तिथं."

त्याचा चेहरा उतरला. काकींच्या नवऱ्याकडे, शत्रुघ्नकाकांकडे, नंबर ठेवून तो गेला. चेहरा उतरला तेही नाटकच, असं काकींनी नवऱ्याला ऐकवलं, आणि त्या दिवसापासून त्या भाजी निवडायलाही ताडाखालीच बसू लागल्या.

थोड्याच दिवसांत झाडं तोडणारा ठेकेदार येऊन ताडावर खूण करून गेला. ताड विजेच्या तारांवर पडेल, अशी कोणाची तरी तक्रार होती. वर घरटं आहे म्हटल्यावर तो हसला. आम्ही पक्षीवाल्यांना विचारूनच आलोय, त्यांच्या नोंदीत घरटं रिकामं आहे, म्हणाला.

आयुषनंच मुद्दाम तसं लिहिलं असणार, असं काकींच्या आधी मनात आलं. शत्रुघ्नकाका एवढंच म्हणाले, की तू सांगितलंस तेच त्यानं लिहिलं. मग काकींनी निमूटपणे त्याला फोन लावला.

"काकी, तेव्हा साप म्हणालात," आयुष म्हणाला. "आता झाड वाचवायचंय म्हणून पिल्लं आली का?"

"खोटं बोलले तेव्हा. तू मला चोर वाटलास. येऊन बघ."

दुसऱ्या दिवशी तो आला, पण धड बोलला नाही. दोघं केळीच्या आडोशाला बसले. ढोलीपाशी बराच वेळ काही हललं नाही. तो काकींकडे बघत होता, काकी त्याच्याकडे. मग मादी ढोलीच्या कडेवर उतरली, आणि आतून दोन चोची वर आल्या. आयुषनं तिथूनच फोन फिरवले. पिल्लं उडेपर्यंत तोड थांबली.

नवी नोंद लिहिताना जागेचं नाव कुठं दिसता कामा नये, असं काकींनी बजावलं. या पोपटाची जागा आम्ही नोंदीत उघड दाखवतच नाही, असं तो म्हणाला. तरी त्यांनी शत्रुघ्नकाकांना चष्मा लावून त्याच्या मोबाइलवर वाचायला लावलं.

पिल्लं उडाली आणि ताड तोडला गेला. पुढच्या हंगामासाठी आयुषनं लाकडी पेटी करून आणली आणि आंब्याला उंच बांधली. तो गेल्यावर काकींनी नवऱ्याला शिडीवर चढवलं आणि आत फासाबिसा लावलेला नाही ना, हे हात घालून बघायला सांगितलं.