सगळ्यांच्या तोंडी हूहूवाला

तेमिरकानने पानावरच्या नावावर अंगठा ठेवला, संवाद वाचला आणि विचारलं, "अपा, हे कोण बोललं?"

"मीच की," त्याची आई बुरमाकान म्हणाली. लोकर पिंजणारे तिचे हात थांबले नाहीत.

बोलला होता शहरातला पशुवैद्य. मग मेंढपाळाचं पान झालं. तिच्या मते तोही तीच. तुरुंगातून सुटलेला घोडेचोरसुद्धा तीच निघाला. तेमिरकानने अकरा वर्षं खपून लिहिलेली कादंबरी बिश्केकच्या संपादकाने परत धाडली होती: माणसं चाळीस, तोंड एक; महिन्यात सुधारा, नाहीतर विसरा. त्यातले चार दिवस उरले होते.

"ओळखतेस कशावरून?"

"सगळेच त्याला हूहूवाला म्हणतात. अरे, चोराला कुणाचा धाक?"

तेमिरकान बघतच राहिला. आजोबांचं नाव बोरुबाय, म्हणजे नावातच लांडगा. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, हे नारीनच्या डोंगराळ मुलखात घरोघरी चालतं. म्हणून या घरात लांडग्याला हूहूवाला म्हणत. आणि लहानपणापासून तेच ऐकलेल्या तेमिरकानला वाटलं होतं, अख्खा डोंगर तसंच म्हणतो.

मग जेमतेम सही करणाऱ्या त्या बाईने लोकर बाजूला सारली आणि एकेकाला बोलतं केलं. वैद्य अर्धं वाक्य बोलून चष्मा पुसायचा. मेंढपाळ आधी तुमच्या घोड्याची खुशाली विचारायचा, मग आपलं रडगाणं. तिचा चोर इतक्या गोडीने बोलला की दारातली घोडी दोन पावलं मागे सरकली. हूहू करणाऱ्या त्या जनावराचा उल्लेख आला की ती नुसती मान हलवायची आणि 'लांडगा' मुलगा म्हणायचा. सासरा जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तेमिरकान लिहिता लिहिता तिच्याकडे बघायचा. एवढी माणसं या एका पदराआड कुठे राहत होती, त्याला कळेना.

तिसऱ्या दिवशी त्याने गठ्ठा दोरीने बांधला.

"हूहूवाला सगळीकडून खोडला," तो म्हणाला. "आता तो फक्त कादंबरीतल्या सुनेने म्हणायचा. पण अख्ख्या पुस्तकात ती एकदाच बोलते: चहा आणू का?"

"एवढंच?"

"एवढंच."

बाहेर बिश्केकच्या बसने दोनदा भोंगा दिला. बुरमाकानने उठून दार लावलं, ऐसपैस मांडी घातली आणि दोरीची गाठ स्वतः सोडली.

"बस उद्याही जाते," ती म्हणाली. "लिही. आणि आधी चहा टाक."