कथा आणि निर्मिती : राकेश

राकेश सरांनी खराडीच्या एका चकचकीत स्टुडिओ कंपनीत चौदा वर्षं चित्रपट नाकारण्याची नोकरी केली. तीही एकसुद्धा पटकथा पूर्ण न वाचता. वाचायची शर्मिला. धायरीहून निघून, स्वारगेटला बस बदलून ती यायची, ढीग उपसायची आणि प्रत्येक पटकथेचं सार एका कागदावर उतरवून द्यायची. तो कागद लिफ्टमध्ये वाचून सर मीटिंगमध्ये डोळे मिटून बोलायचे आणि लोक म्हणायचे, काय जाण आहे माणसाला! उचलली जीभ लावली टाळ्याला, यापलीकडे त्या जाणेत काही नव्हतं. शर्मिलाला हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. घर तिच्या पगारावर चालायचं म्हणून ती गप्प राहिली, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

मग कंपनीनं सरांना घरी बसवलं. ‘मी आता निर्माता झालो’ असं त्यांनी जाहीर केलं आणि शर्मिलालाही आपल्याकडे कामाला ओढून घेतलं. दाढी वाढली, गळ्यात मफलर आला, तोही भर एप्रिलमध्ये. निर्मात्याला कथा लागते. ती त्यांनी शर्मिलाकडून घेतली. तिची स्वतःची, चार वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून लिहिलेली. पोस्टरचा नमुना आला, त्यावर ‘कथा आणि निर्मिती : राकेश’.

“अगं, बाजारात माझं नाव चालतं,” सर म्हणाले. “तुझं पुढच्या पिक्चरला टाकू.”

शर्मिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडलं तर चित्रपटच बुडेल, ही भीतीही होती. सगळं अडलं होतं मंदाकिनीबाईंच्या होकारावर. नाटकांत चाळीस वर्षं काढलेली ही नटी मुख्य भूमिकेत हवी होती. तिला कथा ऐकवायला सर निघाले, आणि फाइल धरायला शर्मिलाला सोबत घेतलं.

सरांनी पाऊण तास हातवारे केले. कथा थोडी, ‘इमोशन’ फार. बाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

“पटकथा मी वाचलीय. एकच विचारते. सोडून गेलेला नवरा परत येतो, तेव्हा ती त्याला घरात का घेते?”

सरांनी शर्मिलाकडे पाहिलं. ती फाइलवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

“क्षमा, मॅडम!” सर छातीवर हात ठेवून म्हणाले. “स्त्री म्हणजे शेवटी क्षमाच.”

“ती दार उघडतच नाही,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या पानावर आहे. लिहिलंय कोणी हे?”

“म्हणजे, संकल्पना माझीच...”

“मी लिहिलंय,” शर्मिला म्हणाली.

मंदाकिनीबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “मग तू सांग. पहिल्यापासून.” आणि मान न वळवता सरांना म्हणाल्या, “निर्माते ना आपण? चहाचं बघा.”